पायातले रूळ

दिवा स्टेशनच्या पूर्वेला आमच्या चाळीतल्या काकांच्या पावलाचा एक्स-रे गेल्या आठवड्यात मी खिडकीच्या उजेडात धरला. हाडांच्या बाजूने दोन बारीक पांढऱ्या रेघा, शेजारी शेजारी. "दिव्याचे रूळ पायात पण आले की काय?" काका हसले. ती त्यांची धमनी. एरवी एक्स-रेत ती दिसायची नाही. भिंतीत चुना धरला की दिसते.

काका आठवड्यातून तीनदा डायलिसिसला ठाण्याला जातात. "कॅल्शियम साचलंय" ऐकल्यावर काकूंनी दूध आणि नाचणी दोन्ही बंद केलं. बोअरच्या पाण्याने पातेल्याला थर धरतो, तसंच आत होत असणार, हा त्यांचा हिशेब. बरीच वर्षं वैद्यकशास्त्रही असंच मानत होतं, तेव्हा काकूंना हसू नये.

पण हा चुना साचत नाही, घातला जातो. धमनीच्या मधल्या थरात स्नायूपेशी असतात. आकुंचन पावायचं, सैल व्हायचं, एवढंच त्यांचं काम. मूत्रपिंड थकलं की रक्तात फॉस्फेट वाढतं. 'पिट-१' नावाच्या प्रथिनाच्या दारातून ते पेशीत शिरतं आणि 'रनएक्स-२' हे जनुक जागं होतं. हाड बांधणाऱ्या पेशींचा मुकादम तोच! हुकूम सुटला की स्नायूपेशी आपला धंदा सोडून गवंडीकाम धरते. तिला आवरणारं 'एमजीपी' हे प्रथिनही तीच बनवते, मात्र ते कामाला लागायला 'के' जीवनसत्त्व हवं. १९९७ साली या प्रथिनाचं जनुक काढलेले उंदीर जन्माला घातले, तर त्यांच्या धमन्या चुन्याने भरल्या आणि दोन महिन्यांत ते धमनी फुटून मेले.

म्हणजे काकांचा वैरी आधी फॉस्फेट. ते दुधातही आहे, त्यामुळे दूध किती घ्यायचं हे डॉक्टरांनी ठरवावं. नाचणीतलं फॉस्फरस बरंचसं आतड्याला मिळतच नाही. आणि काका डायलिसिसहून परतताना स्टेशनवर घोटभर काळं कोला पितात! त्याच्या घटकांच्या यादीत ३३८ हा कोड असतो, म्हणजे फॉस्फोरिक आम्ल. नातवाच्या झटपट नूडल्सवर ४५१, तेही फॉस्फेटच. असं वरून घातलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळं अंगी लागतं. पाकिटावर साखर, सोडियम छापतात. फॉस्फरस किती मिलिग्रॅम, ते छापायची सक्ती नाही. ती व्हायलाच हवी. आकड्यांचे कोड पाठ करणं हे काय आजाऱ्याचं काम?

आणखी एक सापडलं. फॉस्फेट बांधून ठेवणारी गोळी काका पहाटे चहासोबत घेत, लोकल गाठायच्या घाईत. ती जेवणातल्या फॉस्फेटला धरते. पोटात जेवणच नाही तर धरणार कुणाला? काकूंनी मला दोनदा विचारून खात्री केली. गुरुवारी निघताना ती गोळी भाकरीच्या फडक्याच्या टोकाला गाठ मारून बांधलेली होती.