रक्तातला हजेरीपट

शाळातपासनीस येणार असल्याची वर्दी आली की भिंतींना चुना लागतो, फळे काळेभोर होतात आणि एरवी गुरांमागे जाणारी मुले बोलावून वर्गात बसवली जातात. तपासनीस समाधानाचा शेरा लिहून निघून जातो. वर्षभर शाळा कशी चालली याचा त्या शेऱ्याशी संबंध असतोच असे नाही. ते जाणून घ्यावयाचे तर हजेरीपट उघडावा लागतो. मधुमेही रुग्णाचे पुष्कळदा असेच होते. तपासणीच्या आधी चार दिवस गोड बंद, सायंकाळी फेरफटका, आदल्या रात्री नुसते ताक. आणि सकाळी उपाशीपोटी दिलेल्या रक्तात साखर अगदी बेताची. डॉक्टरांना बरे वाटते, रुग्णाला त्याहून बरे वाटते आणि परतीच्या वाटेवर पेढ्यांचा पुडा घरी येतो. या खेळात फसवला जातो तो मात्र डॉक्टर नव्हे. फसतात ते रुग्णाचे डोळे, त्याची मूत्रपिंडे आणि त्याचे पाय.

अशा वेळी उपयोगी पडेल असा हजेरीपट रक्तातच असतो. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला रक्तातील साखर हळूहळू चिकटत जाते आणि एकदा पक्की चिकटली की पेशी जिवंत असेतो सुटत नाही. पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. त्यामुळे एकूण हिमोग्लोबिनपैकी किती टक्के साखरेने माखलेले आहे हे मोजले की गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी कळते. चार दिवसांच्या उपासाने ती फारशी बदलत नाही. हीच ती एचबीए१सी तपासणी. ५.७ टक्क्यांखालचा आकडा निरोगी मानला जातो; ६.५ किंवा त्याहून अधिक असेल तर मधुमेह. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने निदानासाठीही ही तपासणी ग्राह्य मानली. रोगाची चाहूल देणाऱ्या आणि त्याची वाटचाल दाखवणाऱ्या अशा खुणांना आता जैवनिर्देशक म्हणतात. दीर्घकालीन आजारांच्या बाबतीत त्यांच्यात या एका आकड्याइतका कसोटीला उतरलेला दुसरा क्वचितच सापडेल.

त्याचा शोधही मोठा बोधप्रद आहे. तेहरान विद्यापीठातील सॅम्युएल रहबर हे शास्त्रज्ञ निरनिराळ्या रुग्णांच्या रक्तात हिमोग्लोबिनचे विकृत प्रकार धुंडाळत होते. एक अनोळखी पट्टा त्यांना दिसला तो मधुमेही रुग्णांच्या रक्तात, आणि १९६८ साली त्यांनी तो जगापुढे मांडला. उपचारांवर देखरेख ठेवण्यासाठी त्याचा उपयोग होईल हे पुढे १९७६ च्या सुमारास अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. परंतु आकडा कमी केल्याने रुग्णाचे भले होते काय, हा खरा प्रश्न त्यानंतरही शिल्लक होता. अमेरिका आणि कॅनडातील १,४४१ रुग्णांवर दीर्घकाळ चाललेल्या चाचणीने १९९३ साली, आणि ब्रिटनमधील ५,१०२ रुग्णांच्या वीस वर्षांच्या अभ्यासाने १९९८ साली त्याचे उत्तर दिले. साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवणाऱ्यांचे डोळे आणि मूत्रपिंडे अधिक काळ शाबूत राहतात, हे त्यातून निर्विवाद ठरले. शोधापासून या पुराव्यापर्यंत पंचवीस-तीस वर्षे लोटली. रक्तातील नवी खूण सापडल्याची बातमी आली की दुसऱ्याच दिवशी तिच्या जाहिराती करणाऱ्यांनी हा कालावधी ध्यानात ठेवावयास हवा.

आणखी एक धडा त्याच इतिहासात आहे. अमेरिकेतही एकेकाळी एकाच रुग्णाचा आकडा दोन प्रयोगशाळांत वेगवेगळा येत असे. सर्व यंत्रांची मापे एका प्रमाणाशी जुळवून घेण्याचा उपक्रम तेथे १९९६ साली सुरू झाला, आणि मगच एका गावचा आकडा दुसऱ्या गावी अर्थपूर्ण ठरला. वजनमापांची तपासणी होते म्हणून किराणा दुकानातील किलोला अर्थ असतो. रक्ताच्या मापाला त्याहून कमी शिस्त लावून कसे चालेल?

सरासरीला चकवणारे रक्त

हजेरीपट कितीही उत्तम असला तरी तो ज्या कागदावर लिहायचा तो कागदच जीर्ण असेल तर नोंदी वाचता येत नाहीत. एचबीए१सीचा कागद म्हणजे तांबडी पेशी; आणि भारतात या पेशीचीच प्रकृती ठीक नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. लोहाच्या कमतरतेत हा आकडा खऱ्यापेक्षा फुगलेला दिसू शकतो. उलट ज्या आजारांत तांबड्या पेशी अकाली नष्ट होतात, त्यांत साखर चिकटायला पुरेसा अवधीच मिळत नाही आणि आकडा खोटा दिलासा देतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या भागांतील आदिवासी व दलित समाजांत सिकलसेलचा विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्याच्या रुग्णाची तांबडी पेशी १२० दिवस नव्हे, दहा-वीस दिवसच जगते. अशा रुग्णाला एचबीए१सी सहा आला म्हणून निर्धास्त केले, तर ते अज्ञानच नव्हे, अन्यायही ठरेल. तेथे साधी उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पाजून केलेली तपासणीच अधिक भरवशाची. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ पासून सुरू आहे. तिच्यातील नोंदी आणि मधुमेहाच्या नोंदी एकमेकींना ठाऊकच नसतील, तर दोन्हींचा निम्मा उपयोग वाया जाईल.

मूत्रपिंडाच्या क्रिएटिनिनची कथाही याहून वेगळी नाही. हा पदार्थ स्नायूंतून निर्माण होतो. म्हणून हाडकुळ्या वृद्धेच्या रक्तात तो मुळातच कमी असतो आणि मूत्रपिंडे बरीच थकली तरी अहवालावर ‘सामान्य’ हाच शब्द छापून येतो. वय आणि लिंग लक्षात घेऊन मूत्रपिंडाची गाळणक्षमता काढली आणि जोडीला लघवीतील प्रथिने पाहिली, तरच खरे चित्र उमटते. आकडा स्वतः बोलत नाही. त्याला बोलते करावे लागते. ते काम यंत्राचे नव्हे, वैद्याचे आहे.

आकड्यांची घाऊक विक्री

दुर्दैवाने आज वैद्यापेक्षा विक्रेताच अधिक बोलतो आहे. साठ-सत्तर तपासण्यांचे संच सवलतीच्या दरात घरपोच करणाऱ्या जाहिराती वर्तमानपत्रांतून आणि भ्रमणध्वनींवरून अहोरात्र येत असतात. वाढदिवसाला, मातृदिनाला, कचेरीच्या वर्धापनदिनाला रक्त काढून घेण्याची नवी प्रथा पडू पाहते आहे. तिच्यामागील गणित ग्राहकाला कोणी समजावून सांगत नाही. प्रयोगशाळेची ‘सामान्य मर्यादा’ बहुधा अशी आखलेली असते की शंभर निरोगी माणसांपैकी पाच तिच्याबाहेर पडावेत. एक तपासणी केली तर निरोगी माणूस उगाच अडकण्याचा संभव पाच टक्के. परस्परांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर कोठे ना कोठे ठळक अक्षरात आकडा येण्याचा संभव सुमारे ६४ टक्के होतो. म्हणजे संच जितका मोठा, तितकी निरोगी माणसाला रोगी ठरवून पुढच्या तपासणीकडे पाठवण्याची शक्यता अधिक. ज्याला ग्राहक काळजी समजतो, तो पुष्कळदा नुसता संभाव्यतेचा खेळ असतो.

विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ साली रोगशोधनाचे दहा निकष लिहून ठेवले. रोग महत्त्वाचा असावा, त्याला मान्य उपचार असावा, निदान व उपचारांची सोय उपलब्ध असावी, आणि शोध हे एकदाचे कार्य नसून अखंड प्रक्रिया असावी, असे त्यांचे सांगणे. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी पीएसए ही रक्ततपासणी सरसकट करण्याच्या बाबतीत या शहाणपणाचा विसर पडला. निरुपद्रवी गाठींवर शस्त्रक्रिया झाल्या, अनेकांच्या वाट्याला उरलेल्या आयुष्याचे व्यंग आले. अखेर २०१२ साली अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने या सरसकट तपासणीच्या विरोधात कौल दिला आणि २०१८ साली ५५ ते ६९ या वयोगटापुरता तो निर्णय व्यक्तीच्या विचारावर सोपवला. परदेशाने एवढी किंमत देऊन शिकलेला धडा येथे पुन्हा पहिल्यापासून गिरवण्याचे कारण नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वाजवी आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावरचे लोक आहेत. त्यांतील कित्येकांना आपल्या रोगाचा पत्ताही नाही. मग कोणी संच विकून का होईना, रोग उघडकीस आणत असेल तर त्याला दोष का द्यावा? उत्तर असे की, दोष शोधण्याला नाही, शोधून सोडून देण्याला आहे. मधुमेह वरील दहाही निकषांना बव्हंशी उतरतो. त्याचा शोध घ्यावाच. पण ज्याला आकडा कळला त्याला सहा महिन्यांनी पुन्हा कोण बोलावणार, औषध कोण देणार, पायाची जखम कोण पाहणार, याचे उत्तर विक्रेत्याच्या दरपत्रकात नसते.

कोयत्याबरोबर जाणारी नोंद

ते उत्तर सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेनेच द्यावयाचे आहे. कागदोपत्री तिची तयारी कमी नाही. असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. विनामूल्य तपासण्यांची योजना २०१५ पासून आहे. परंतु तपासणी यादीत असणे आणि ती ठरल्या वेळी ठरल्या माणसाची होणे, यांतील अंतर एखाद्या ऊसतोड कामगाराकडे पाहिले म्हणजे कळते. दिवाळीच्या सुमारास बीडकडची जोडपी ‘कोयता’ होऊन पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात जातात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. त्यांतील मधुमेह्याचा कागद गावच्या आरोग्य केंद्रात, माणूस फडावर आणि गोळ्या संपलेल्या. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी ज्याच्यासाठी सर्वांत उपयोगी, त्याच्यापर्यंतच ती पोचत नाही.

याची किंमत शासन भरतेच; फक्त उशिरा भरते. २०१६ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून गरिबांना विनामूल्य डायलिसिस मिळते आणि ते मिळालेच पाहिजे. पण आठवड्यातून दोन-तीनदा जिल्ह्याच्या गावी जाऊन चार-चार तास यंत्राला बांधून घेणाऱ्या माणसाची मजुरी बुडते, मुलाची शाळा सुटते, शेत गहाण पडते. दहा वर्षांपूर्वी वर्षातून दोनदा केलेली काही शे रुपयांची तपासणी आणि नियमित गोळ्या यांनी त्यांतील कितीतरी जणांची ही पाळी टाळता किंवा लांबवता आली असती. शेवटच्या पायरीवर उदार आणि पहिल्या पायरीवर कंजूष अशी ही नीती आहे.

म्हणून काही गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. लसीकरणाच्या कार्डाप्रमाणे प्रत्येक मधुमेह्याच्या हाती त्याचे स्वतःचे मराठी नोंदपत्र असावे आणि ते फडावरच्या केंद्रातही मानले जावे. एचबीए१सीच्या आकड्याशेजारी हिमोग्लोबिनचा आकडा आणि जेथे सिकलसेल आढळतो तेथे त्याचा निष्कर्ष लिहिल्याखेरीज अहवाल पुरा समजू नये. क्रिएटिनिनबरोबर गाळणक्षमता छापणे बंधनकारक करावे. अहवालावर पदव्युत्तर पात्रतेच्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे. गल्लोगल्लीच्या प्रयोगशाळांत तो पाळला जातो की नाही हे पाहणारी यंत्रणा उभी करावी. आणि संच विकणाऱ्याने प्रत्येक तपासणी कोणासाठी आवश्यक आहे हे जाहिरातीतच सांगावे.

यांतील एकही मागणी खर्चिक नाही. तिला लागते ती चिकाटी, आणि चिकाटीचे उद्‌घाटन करता येत नसल्यामुळे ती मागे पडते. रक्ताचा थेंब खरे बोलतो, परंतु तो एकदाच बोलून थांबला तर त्याचे बोलणे वाऱ्यावर जाते. हजेरीपटाची किंमत तो कपाटात असण्यात नसते. रोज तो उघडून गैरहजर मुलाच्या घरी कोणी जाते की नाही, यावरच शाळेची परीक्षा होते.