सहल चांद्याला का नको?

— बी. ए. भाग २ ची एक विद्यार्थिनी

‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही म्हण आपण शाळेत कितीदा तरी वाक्यात उपयोग करून दाखवली असेल. पण ती आपल्यालाच किती चपखल लागू पडते, याचा अनुभव मला यंदा सहलीच्या बैठकीत आला.

शनिवार-रविवार अशी दोन दिवसांची सहल काढायची आणि जुन्या काळच्या एखाद्या राजधानीचे ठिकाण निवडायचे, असे ठरले होते. फळ्यावर भराभर नावे पडू लागली. रायगड, देवगिरी, पन्हाळा, हैदराबाद. एकाने तर म्हैसूरही सुचवले. गोंदियाहून रायगडाला नुसते जाऊन-येऊनच शनिवार-रविवार संपतील, हे कुणाच्या ध्यानीही आले नाही. शेवटी धीर करून मी उभी राहिले आणि म्हणाले, “चंद्रपूर.”

क्षणभर शांतता आणि मग हशा! मागच्या बाकावरून आवाज आला, “तिथे काय कोळसा पाहायचा?” दुसरा म्हणाला, “वाघ पाहायचा असेल तर ताडोबाला चला. पण जिप्सीचे पैसे कोण भरणार?” मी खाली बसले. तेव्हा शेजारच्या मैत्रिणीने हळूच विचारले, “गोंडांचेही राजे होते का गं?”

तिच्या विचारण्यात कुत्सितपणा मुळीच नव्हता. तिला खरोखरच ठाऊक नव्हते. म्हणूनच तो प्रश्न मला अधिक लागला. कारण मी स्वतः गोंड आहे, आणि “हो, होते ना,” यापलीकडे मला तरी कुठे काय सांगता आले? माझी आजी माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला जाते. तिच्या तोंडी ‘चांदागड’ हा शब्द मी लहानपणापासून ऐकला आहे. पण तो एखाद्या गोष्टीतला गाव असावा, असेच मला वाटत आले होते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. बाबा चौथी शिकलेले, धानाच्या बांधीत राबणारे. त्यांना मी म्हटले, “आम्ही चांद्याला जाऊ म्हणतो.” तर तेही म्हणाले, “चांद्याले? तिथं का आहे पाहाले?” वर्गात जो हशा झाला, त्याच हशाचा हा घरगुती नमुना!

दुसऱ्या दिवसापासून मी ग्रंथालयात बसू लागले. जे वाचले, त्यातले थोडे येथे सांगते.

गढा-मंडला, देवगड, खेरला आणि चांदा ही गोंडांची चार राज्ये. त्यांपैकी चांद्याच्या राजांची गादी आधी बल्लारपूरला होती. पंधराव्या शतकात खांडक्या बल्लाळशहा या राजाने ती चांद्याला आणली. याची दंतकथा मोठी गोड आहे. राजाच्या अंगावर गाठी उठल्या होत्या. काही केल्या बऱ्या होत नव्हत्या. एकदा शिकारीला गेला असता तहानलेल्या राजाला झरपट नदीच्या कोरड्या पात्रात थोडे पाणी सापडले. तो ते प्याला, तोंड धुतले, आणि त्या रात्री गाढ झोपला. सकाळी पाहतो तो गाठी नाहीशा! त्या जागी अंचलेश्वराचे देऊळ झाले. पुढे त्याच परिसरात राजाला एक अजब दृश्य दिसले. कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा चक्क कुत्र्याच्या पाठीस लागला होता! राजाने ही हकीगत राणीला सांगितली. ती म्हणाली, ही भूमी साधी नव्हे. ससा ज्या वाटेने धावला, त्या वाटेवर तट बांधा आणि आत नगर वसवा. दंतकथा म्हणून आपण ती बाजूला ठेवू. पण त्या ससा-कुत्र्याच्या वाटेवर म्हणून दाखवला जाणारा तट मात्र दंतकथा नाही. इरई आणि झरपट या नद्यांच्या बेचक्यात सुमारे अकरा किलोमीटर लांबीचा दगडी परकोट आजही उभा आहे. खांडक्याने पाया घातला आणि त्याच्या वंशजांनी तो पुरा केला. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे त्याचे चार दरवाजे, शिवाय पाच खिडक्या. दरवाजांवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे राजचिन्ह कोरलेले. जटपुरा दरवाजातून आज मोटारी, सायकली, ऑटो यांची रीघ चालते. त्यांतल्या किती जणांची मान वर होत असेल?

मुलींनी तर चांदा अवश्य पाहावा. नगर वसवण्याचा सल्ला एका राणीचा, आणि अठराव्या शतकाच्या आरंभी ते नगर सावरले तेही एका राणीनेच. बीरशहा राजाचा खून झाल्यावर राणी हिराईने दत्तक पुत्र रामशहा लहान असताना राज्यकारभार पाहिला. महाकालीचे देऊळ तिने बांधले. चैत्रात तेथे यात्रा भरते, आणि मराठवाडा-तेलंगणातून माणसे येतात. पतीची देखणी समाधीही तिनेच उभारली. बादशहाने बेगमेसाठी बांधलेला ताजमहाल आपल्याला पाठ आहे. राणीने राजासाठी बांधलेली समाधी मात्र आपल्या शेजारी असूनही आपल्याला ठाऊक नाही.

पुढचा इतिहास दुःखाचा आहे. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांद्याचे राज्य घेतले. नीळकंठशहा हा शेवटचा राजा कैदेत पडला. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी किल्ला जिंकला. राजवाड्याचा तुरुंग झाला. याच चांद्याच्या तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव पुल्लेसुरबापू शेडमाके या पंचविशीच्या तरुणाला इंग्रजांनी फाशी दिले. त्याने सत्तावनच्या उठावाच्या सुमारास गोंड तरुणांची फौज उभारून इंग्रजांना सळो की पळो करून सोडले होते. आपल्यापेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठा असेल तो!

कुणी म्हणेल, “म्हणजे तू आपल्या जातीचा अभिमान मिरवतेस.” तसे नाही. रायगड पाहू नये, असे मी स्वप्नातही म्हणणार नाही. १६७४ साली तेथे झालेल्या राज्याभिषेकाने महाराष्ट्राला ताठ मानेने उभे राहायला शिकवले. रायगड सर्वांचा आहे, तसाच चांदाही सर्वांचा असावा, एवढेच माझे मागणे. तो तट बांधताना दगड वाहणारे हात एकाच जातीचे थोडेच असतील? शिवाय, आपल्या मुलखातही राजे होते, तलाव होते, नगरे वसवण्याची अक्कल होती, हे कळले तर ‘मागासलेला भाग’ हे शब्द ऐकताना आपली मान आपोआप खाली जाणार नाही.

आता दुसरा मुद्दा. तो लिहावा की नाही, याचा पुष्कळ विचार केला. गेल्या वर्षीच्या सहलीची वर्गणी अडीच हजार रुपये होती. मी गेले नाही. “घरी लग्न आहे,” असे सांगितले. घरी कुणाचेही लग्न नव्हते. नंतर बोलता बोलता कळले की, आमच्या वर्गातल्या आणखी चौघांच्या घरी त्याच आठवड्यात अशीच लग्ने होती! सहलीचे फोटो भिंतीवर लागले, तेव्हा आम्ही पाचही जण ते मोठ्या आवडीने पाहत होतो. यात कुणा शिक्षकांचा दोष नाही. आम्ही सांगितलेच नाही, तर त्यांना कसे कळावे? पण सहलीचे ठिकाण आधी ठरते आणि खर्च मागून कळतो, ही पद्धतच चुकीची आहे. आधी विचारले पाहिजे, वर्गातल्या शेवटच्या मुलाला किती झेपेल? आणि मग ठिकाण ठरवले पाहिजे.

या कसोटीला चांदा पुरेपूर उतरतो. आपल्या दारातून बल्लारशाहला जाणारा लोहमार्ग आहे. एके काळी त्यावर अरुंद मापाची छोटी गाडी धावे. आता ब्रॉडगेज झाली आहे. सौंदड, अर्जुनी, वडसा. मग वैनगंगेचा पूल. पुढे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल आणि चांदा फोर्ट. गावाचे नाव चंद्रपूर झाले, तरी स्टेशनाने आपले जुने नाव सोडलेले नाही. दोनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास, तोही पॅसेंजरच्या तिकिटात! खासगी बस ठरवायची गरज नाही. त्या बसच्या भाड्यातच तर आमची ‘लग्ने’ निघतात.

वेळ निवडावी डिसेंबरची. चंद्रपूरचा उन्हाळा भाजून काढणारा. शिवाय दिवाळीच्या मागेपुढे आपल्यातले निम्मे जण धानाच्या कापणी-मळणीत असतात. त्यांना वगळून सहल कसली? शनिवारी सकाळी गाडीत बसावे, शिदोरी घरची घ्यावी. दुपारनंतर अंचलेश्वर, राजांच्या समाध्या आणि महाकाली पाहावी. मुक्कामासाठी एखादी धर्मशाळा किंवा तिथल्या महाविद्यालयाचे सभागृह आधी पत्र लिहून मिळवावे. मुलींच्या मुक्कामाची व्यवस्था कशी आहे आणि सोबत कोणत्या बाई आहेत, हे पालकांना लेखी कळवावे. माझ्या आईसारख्या आईला तोंडी आश्वासन पुरत नाही, आणि तिचे चुकते असेही मला वाटत नाही. रविवारी सकाळी परकोटाच्या कडेने पायी चालावे. २०१७ पासून ‘इको-प्रो’ या तिथल्या संस्थेच्या तरुणांनी या तटावरची झाडेझुडपे आणि कचरा काढून तो चालण्याजोगा केला. आपल्याच वयाच्या मुलांनी फावडे-घमेले घेऊन केलेले हे काम पाहणे हाही एक पाठच ठरेल. नंतर भिवापूर भागात जाऊन रायप्पा नावाच्या व्यापाऱ्याने कोरून घेतलेल्या प्रचंड मूर्ती पाहाव्यात. त्याला मोठे देऊळ बांधायचे होते. ते झाले नाही, आणि मूर्ती आजही उघड्यावरच आहेत. मग परतीची गाडी.

जाण्यापूर्वी इतिहासाच्या सरांनी एक तास या विषयावर बोलावे. भूगोलाच्या मुलांनी दोन नद्यांमध्येच नगर का वसले, ते पाहावे. मराठीच्या मुलांनी म्हाताऱ्या माणसांकडून दंतकथा टिपाव्यात. अर्थशास्त्राच्या मुलांनी कोळशाने हे गाव कसे पालटले, ते विचारावे. म्हणजे “तिथे काय कोळसा पाहायचा?” या प्रश्नालाही उत्तर मिळेल. हो, कोळसाही पाहायचा!

यावर आक्षेप येईल की, असल्या सहलीत मौज नाही. मौज गाडीतल्या गाण्यांत असते, एकमेकांच्या शिदोरीत असते, रात्री न झोपण्यात असते. ती म्हैसूरला जितकी मिळते, तितकीच वडसा स्टेशनावरही मिळते. मात्र बरोबर सगळे असले पाहिजेत. पाच जण घरी खोटी लग्ने साजरी करीत बसले, तर ती वर्गाची सहल कशी म्हणायची?

विद्यार्थी-मित्रहो आणि गुरुजनहो, मी काही फार मोठे मागत नाही. एक शनिवार, एक रविवार, आणि झेपेल एवढी वर्गणी. मागच्या बैठकीत चांद्याला चार मते पडली, त्यातले एक माझेच. पुढच्या बैठकीत मी ते नाव पुन्हा फळ्यावर लिहिणार आहे. आजीला हे सांगितले, तेव्हा ती पायऱ्यांवर मोहाची फुले निवडत बसली होती. तिने चांदा कधी पाहिलेला नाही. मान वर न करता ती एवढेच म्हणाली, “जासील त दरवाजाले हात लावून ये.”