करवत, पटाशी आणि आपली मुले

वसतिगृहाच्या शाळेत मुलांच्या हाती करवत आणि पटाशी द्यावी की नाही, हा प्रश्न आपल्या समाजापुरता तरी वाटतो तितका साधा नाही. यंदा नववीच्या मुलामुलींनी लाकडी फळ्यांवर छोट्या मोटारींच्या शर्यतीचा मार्ग बांधायला घेतला, तेव्हा जत, आटपाडी, माण, खटाव या भागांतून आलेल्या काही पालकांनी आम्हांला विचारले, "सर, हातोडीच धरायची होती, तर पोरं एवढ्या लांब कशाला ठेवली?" या प्रश्नाचा राग येण्याचे कारण नाही. महारकीची वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. वतनाची कामे केलेल्या आजोबांची आठवण ज्या घरात अजून ताजी आहे, त्या घराला श्रमाच्या गौरवाची व्याख्याने पटत नाहीत, आणि पटू नयेत.

या भीतीला इतिहासाचाही आधार आहे. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारी यांच्या सरकारने एक योजना आणली. मुलांनी दिवसाचा काही वेळ शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकावा, असे तिचे स्वरूप होते. घरचा धंदा म्हणजे जातीचा धंदा, हे ओळखून पेरियार आणि त्यांच्या अनुयायांनी तिला कडाडून विरोध केला. १९५४ साली ती मागे घ्यावी लागली. म्हणून हस्तकौशल्याचे नाव निघताच आपण सावध व्हावे, हे योग्यच आहे. मात्र सावध राहून पुढे काय करावयाचे, हेही ठरविले पाहिजे.

मुलांनी बांधले ते काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. विजेवर चालणाऱ्या मोटारींची ही शर्यत इंग्लंडमध्ये १९५७ साली 'स्केलेक्स्ट्रिक' या नावाने बाजारात आली. तिचे आयते संच महाग असतात. आमच्या मुलांनी १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडवर मार्ग आखला आणि त्यात ३ मिलिमीटर रुंद व ७ मिलिमीटर खोल अशा दोन खाचा राउटरने पाडल्या. प्रत्येक खाचेच्या दोन्ही बाजूंनी तांब्याची पट्टी चिकटवून तिच्यात १२ व्होल्टचा प्रवाह सोडला. मोटारीच्या नाकाखालचा खुंटा खाचेत बसतो आणि तांब्याच्या तारांच्या दोन वेण्या पट्ट्यांवरून वीज उचलतात. मोटारीचे अंग हलक्या लाकडाचे, आस सायकलच्या स्पोकचा. प्रमाण बत्तिसास एक. म्हणजे चार मीटरची खरी मोटार येथे साडेबारा सेंटिमीटरची होते. हे गणित फळ्यावर सोडविणारी मुले दरवर्षी असतात. परंतु मापात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली की खुंटा अडकतो, हे फळा सांगत नाही.

पहिल्याच शर्यतीत भांडण झाले. बाहेरच्या खाचेतील मोटार सतत हरत होती. मुलांनी दोरा लावून दोन्ही खाचा मोजल्या. खाचांमधील अंतर दहा सेंटिमीटर आणि बाहेरची फेरी सुमारे ६३ सेंटिमीटरने लांब निघाली. अंतराला दोनदा 'पाय'ने गुणले की हाच आकडा येतो, हे एका मुलीने दाखवून दिले. दहा फेऱ्यांत सव्वासहा मीटरचा फरक! सुटण्याची रेघ दोघांना एकच होती, तरी शर्यत समान नव्हती. मग प्रत्येक जोडीने खाचा बदलून दोनदा धावावे, असा नियम मुलांनीच केला. आरक्षणाविषयी आम्ही आजवर जी व्याख्याने दिली, त्यांपैकी एकही याहून स्पष्ट नव्हते.

बाबासाहेबांची भूमिका येथे आठवावी. जातिव्यवस्था श्रमांची विभागणी करून थांबत नाही, ती श्रमिकांचीच उतरंड लावते, हे त्यांनी १९३६ साली मांडले. त्यांचा आक्षेप जन्माने काम ठरण्याला होता. यंत्राला आणि हत्याराला नव्हता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचे नाव साताऱ्याच्या हायस्कुलात दाखल झाले, त्याच बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशास्त्राच्या उच्च शिक्षणाची सोय मागितली. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपला समाज पुढे जाणार नाही, हे त्यांना दिसत होते. आपण मात्र हत्याराला पाठ दाखविली, तर त्या मागणीचा अर्धा भाग विसरल्यासारखे होईल.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सुटे भाग जोडून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनविली. २०२१ च्या अखेरीस तिची देशभर चर्चा झाली आणि उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. असे कसबी हात आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. त्यांच्या जोडीला आराखडा, मापन आणि पदार्थविज्ञान देणे, हे शाळेचे काम आहे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गाला आठवड्यातून दोन तासिका कार्यशाळेच्या असाव्यात. त्यांत मुलामुलींना सारखीच हत्यारे मिळावीत. घरचा धंदा पाहून कोणालाही काम नेमून देऊ नये. कामे दर महिन्याला बदलावीत. जो करवत चालवील, त्याने नकाशाही काढावा आणि हिशेबही लिहावा. ही अट पाळली गेली नाही, तर पालकांची भीती खरी ठरेल आणि तेव्हा आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहू.

माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण आयटीआयतून, सांगली-कऱ्हाडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकून कारखान्यांत आणि कार्यालयांत स्थिरावले आहेत. त्यांनी वर्गणीबरोबर वर्षातले दोन रविवार द्यावेत. घरी पडून असलेला पाना, कानस, जुनी मोटर किंवा मल्टीमीटर शाळेकडे पाठवावा. धावमार्गाची दुसरी फळी अजून कोरी आहे. तिच्यावर पूल बांधायचा आहे, आणि त्याच्या चढाचा कोन किती ठेवावा, यावर नववीच्या वर्गाचे अद्याप एकमत झालेले नाही.