पत्र्याचे पाकीट शाळेतच घडू द्या

परभणी जिल्ह्यातल्या राणीसावरगावाहून गंगाखेडला एसटीने निघालेल्या पंच्याहत्तरीपुढच्या आजोबांच्या बंडीच्या खिशात पैसे नसले तरी चालते, वयाचा पुरावा मात्र लागतो. ऑगस्ट 2022 पासून या वयाच्या प्रवाशांना एसटी मोफत आहे, आणि पुरावा म्हणून बहुतेकदा आधार कार्डच पुढे केले जाते. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले, घामाने मऊ पडलेले, कोपरे उलगडलेले. देशातले पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. त्यानंतर एका पिढीच्या आतच चंचीशेजारी आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, रुपे कार्ड अशी चळत जमली. ती सांभाळायची रीत काही बदलली नाही.

ही रीत बदलणारी वस्तू घरी होऊ शकते, आणि शाळेत तर व्हायलाच हवी. दोन पत्र्यांचे कार्ड-पाकीट.

एटीएम, पॅन किंवा पीव्हीसी आधार घ्या, आंतरराष्ट्रीय मानकानुसार माप एकच: लांबी 85.6 मिलिमीटर, रुंदी 54 ला किंचित कमी, जाडी पाऊण मिलिमीटर. पाच कार्डे एकावर एक ठेवली तरी चार मिलिमीटरही भरत नाहीत. म्हणून साधारण 90 बाय 58 चे दोन पत्रे कापले की काम भागते. पत्रा दीड मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा असावा. असे दोन पत्रे मिळून 42 ग्रॅमच्या आसपास भरतात. तेच लोखंडाचे केले तर वजन जवळपास तिप्पट होते आणि खिसा ओढला जातो. खिडक्यांचे सेक्शन बसवणाऱ्याकडे ॲल्युमिनियमचे तुकडे उरतातच.

आखणी गुण्याने आणि टोकदार खिळ्याने करावी, पेनने केलेली रेघ हाताने पुसली जाते. कापताना हॅक्सॉचे बारीक दातांचे पान घ्यावे. पातळ पत्र्यावर मोठे दात अडकतात, पत्रा थडथडतो आणि पान तुटते. बारीक दातांचे पानही तिरके धरले की एकाच वेळी जास्त दात पत्र्यावर टेकतात, आणि पत्रा प्लायवूडच्या दोन तुकड्यांत दाबून धरला तर काप सरळ जातो. मग कानस. ॲल्युमिनियम मऊ असल्याने कानशीच्या दातांत भुकटी अडकते. कानशीवर आधी खडू घासला तर ती कमी अडकते. कडा पॉलिश पेपरने इतक्या गुळगुळीत कराव्यात की अंगठा न घाबरता फिरला पाहिजे. एका टोकाला अर्धगोल खाच काढली की कार्डे बोटाने पुढे सरकवता येतात. दोन्ही पत्रे बांधायला शिंप्याकडचे रुंद इलॅस्टिक चालेल, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली रिंग त्याहून सोपी.

बाजारात असली पाकिटे भीती दाखवून विकली जातात: चोर दुरूनच कार्ड वाचेल. ही भीती फुगवलेली आहे. टॅप करून चालणारे कार्ड 13.56 मेगाहर्ट्झवर, यंत्राच्या अगदी जवळ, काही सेंटिमीटरवरच बोलते. दोन पत्र्यांमध्ये ठेवले की तो संकेत अडतो, म्हणजे टॅप करण्यासाठी कार्ड बाहेर काढावेच लागते. पत्र्याचा खरा उपयोग वेगळा आहे. मागच्या खिशात कार्ड वाकते, चिपला भेग जाते, आणि नव्या कार्डासाठी बँकेत हेलपाटे सुरू होतात.

पण हा आग्रह केवळ पाकिटासाठी नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या अवर्षणप्रवण गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत संशोधन केलेला आणि मोठ्या कंपनीत काम केलेला हा शास्त्रज्ञ खेड्यात आला तो हातांनी काम करत शिकणे हेच शिक्षण या विश्वासाने. आश्रमाच्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात माध्यमिक शाळेची मुले आठवड्याचा एक दिवस वर्कशॉप, शेती, वीज आणि स्वयंपाकघर यांत घालवतात. मोजमाप, घनता, घर्षण हे सारे तिथे हाताला कळते. पत्रे 42 ग्रॅम का भरले, हे ज्या मुलीने स्वतः तोलून पाहिले तिला घनतेचे सूत्र पाठ करावे लागत नाही.

परभणी जिल्ह्यातल्या किती शाळांत कार्यानुभवाचा तास कागदी फुलांवर संपतो, याचा विचार मुख्याध्यापकांनी मनापासून करावा. कागद वाईट नाही. पण या भागातल्या मुलांच्या घरी नांगर आहे, पंप आहे, पत्र्याचे छप्पर आहे. धातू त्यांच्या ओळखीचा आहे, फक्त शाळेने त्याला दाराबाहेर ठेवले आहे.

शिकवणारे लोक गावोगाव आहेत: लोहार, घिसाडी, गेट आणि ग्रील करणारा वेल्डर. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत लोहारकाम आहे आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदतही. कारागिराला अवजारे मिळू लागली. त्याच्याकडे शिकायला मुले मात्र पाठवली जात नाहीत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची सोय सांगितली आहे. तिथे सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांची उदाहरणे दिली आहेत. लोहारालाही त्यांच्या रांगेत बसवायला कोणाची हरकत असणार आहे?

राणीसावरगावच्या शाळांनी या दहांपैकी सलग दोन दिवस पत्र्याला द्यावेत, एक कापायला आणि एक घासायला. डोळ्यांवर गॉगल, पत्रा वाईसमध्ये घट्ट, ड्रिल फक्त कारागिराच्या हातात आणि ड्रिलजवळ हातमोजे नाहीत, एवढी शिस्त पुरे. पहिले पाकीट मुलांनी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या कार्डांच्या मापाने करावे.