सात दिवसांचे जपान आणि काटकसरीचा खरा हिशेब

परदेशप्रवास ही मूठभर श्रीमंतांची मिरास राहिलेली नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. मराठी मध्यमवर्गातले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, निवृत्त अधिकारी आणि नुकतीच नोकरी लागलेली तरुण मंडळी चेरीच्या बहराच्या दिवसांत जपानचा बेत आखतात, वर्षभराची शिल्लक त्यासाठी बाजूला काढतात आणि कचेरीतून कशीबशी आठवड्याची रजा मंजूर करून घेतात. अशा प्रवाशाला पैसा आणि वेळ या दोहोंची टंचाई असते, म्हणूनच त्याला मिळणारा सल्ला निर्दोष असणे अगत्याचे ठरते. प्रत्यक्षात त्याच्या पदरी पडणारा सल्ला ठरीव साच्याचा असतो: देशभर चालणारा रेल्वेचा पास आगाऊ विकत घ्यावा, बुलेट ट्रेनमध्ये बसावे, आणि सात दिवसांत जितकी शहरे पाहून होतील तितकी पाहावीत, म्हणजे पैसा वसूल होतो. हा सल्ला हिशेबाला चुकीचा, वेळेला मारक आणि प्रवासाच्या हेतूलाच बाधक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, आणि त्याच्या जागी कोणते धोरण असावे, हे येथे सप्रमाण मांडावयाचे आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे दुबळे करून खोडण्यात खंडनाचा अधिकार सिद्ध होत नाही, तेव्हा पासाच्या बाजूने जे म्हणता येईल ते आधी सांगितले पाहिजे. हा पास १९८१ मध्ये, रेल्वे सरकारी मालकीची असताना, परदेशी पाहुण्यांसाठी सुरू झाला. १ एप्रिल १९८७ रोजी त्या रेल्वेचे विभाजन होऊन प्रवासी वाहतुकीच्या ‘जेआर’ नावाच्या सहा प्रादेशिक कंपन्या निर्माण झाल्या, तरी सहांच्याही मुलुखात चालणारा हा एकच परवाना कायम राहिला. सप्टेंबर २०२३ अखेरपर्यंत साध्या वर्गाच्या सात दिवसांच्या पासाला २९,६५० येन पडत, आणि टोकियोहून क्योटोला बुलेट ट्रेनने जाऊन येण्याचे भाडे सुमारे २८,००० येन होत असे. साहजिकच एवढी एक फेरी आणि वर एखादा लहानसा प्रवास घडला की पासाचे पैसे वसूल होत. त्या काळी हा सल्ला देणाऱ्याने प्रवाशाचे हितच केले, हे निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे.

परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये हा पाया ढासळला. सात दिवसांच्या पासाची किंमत ५०,००० येन झाली, चौदा दिवसांची ४७,२५० वरून ८०,००० आणि एकवीस दिवसांची ६०,४५० वरून एक लाख येन. आता हिशेब पुन्हा मांडून पाहावा. टोकियो ते क्योटो एका वेळचे भाडे सुमारे १४,००० येन, म्हणजे जाऊन-येऊन २८,०००. त्याहून पुढे हिरोशिमापर्यंत जाऊन टोकियोला परतले तरी ४०,००० च्या आत. इतकेच काय, हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या फुकुओकाच्या हाकाता स्थानकापर्यंत जाऊन परत येण्याचे साधे भाडेदेखील पन्नास हजारांच्या उंबरठ्यावर थांबते, तो ओलांडत नाही. शिवाय नोझोमी या सर्वांत वेगवान गाडीत बसावयाचे तर पासधारकास निराळे पैसे भरावे लागतात, आणि टोकियो ते क्योटो या एकाच टप्प्यावर ते सुमारे पाच हजार येन होतात. ज्या पासाची किंमत देशाच्या एका टोकाकडे धावत जाऊन परत आल्यावरही वसूल होत नाही, तो पास काटकसरीचे साधन म्हणून आठवड्याच्या प्रवाशाच्या हाती देणे हा अन्याय आहे. सल्ल्याचे शब्द जुनेच राहिले आणि त्याखालचे आकडे बदलले, एवढा साधा फरक लक्षात न घेता तो दरवर्षी एका कुटुंबाकडून दुसऱ्या कुटुंबाकडे हस्तांतरित होत असतो.

येथे पासाचे कैवारी दुसरा दावा पुढे करतात: पैशांचे राहू द्या, पण पासामुळे स्वातंत्र्य मिळते, मनात आले की गाडीत बसता येते. हा दावा वरवर आकर्षक वाटला तरी त्याचा व्यवहारातला परिणाम नेमका उलट होतो. पन्नास हजार येन आगाऊ मोजून बसलेला मनुष्य पासाच्या वसुलीला बांधला जातो. क्योटोच्या एखाद्या देवालयाच्या अंगणात अर्धा दिवस घालवावा असे मनात असूनही ‘पास चालू आहे तो वाया जाईल’ या धास्तीने तो उठतो, स्थानक गाठतो आणि पाहण्याची तितकीशी इच्छा नसलेल्या शहराकडे निघतो. ज्या खर्चामुळे मनुष्य आपल्या इच्छेविरुद्ध हालचाल करू लागतो, त्याला स्वातंत्र्य म्हणणे युक्तीला धरून नाही.

तिसरे मत वेगाविषयी आहे. दिवस थोडे म्हणून वाहन वेगवान हवे आणि शहरे अधिक हवीत, असा हा युक्तिवाद. १ ऑक्टोबर १९६४ रोजी, टोकियोच्या ऑलिंपिकच्या ऐन तोंडावर, पहिली शिनकान्सेन, म्हणजेच बुलेट ट्रेन, धावली तेव्हा टोकियो ते ओसाका या प्रवासास चार तास लागत. आज तेच अंतर नोझोमी सुमारे अडीच तासांत तोडते. अभियांत्रिकीच्या इतिहासातली ही थोर कामगिरी आहे, आणि तिच्यापुढे मान तुकवण्यास कोणीही कचरू नये. परंतु गाडी कितीही वेगाने धावली तरी सामान बांधण्याचा, खोली सोडण्याचा, स्थानकाच्या भुलभुलैयात फलाट शोधण्याचा आणि नव्या गावात दुपारी तीन वाजेपर्यंत खोलीचा ताबा मिळण्याची वाट पाहण्याचा वेळ कमी होत नाही. मुक्काम बदलण्याचा प्रत्येक दिवस निम्मा खर्ची पडतो. सात दिवसांत चार मुक्काम केले की दीड-दोन दिवस निव्वळ सामानाच्या सेवेत जातात, आणि त्या दिवसांचे हॉटेलभाडे व जेवणखर्च मात्र पुरेपूर मोजावा लागतो. अल्प रजेत वेळ हाच सर्वांत महाग जिन्नस असतो, आणि बहुमुक्कामी बेत तोच सर्वांत उधळेपणाने खर्च करतो.

चौथे मत भीतीतून आलेले आहे. जपानी लिपी वाचता येत नाही, तेव्हा टॅक्सी करावी किंवा आखीव सहलीच्या बसमध्ये बसून राहावे, असे पुष्कळ वडीलधारी मंडळी सांगतात. वृद्ध माणसाबरोबर असताना किंवा मध्यरात्रीच्या सुमारास शेवटची गाडी निघून गेल्यावर टॅक्सी करण्यात गैर काही नाही; पण लिपीच्या भीतीने ती करावी, हे मात्र परिस्थितीच्या अज्ञानाचे लक्षण आहे. टोकियोच्या भुयारी रेल्वेत २००४ पासून प्रत्येक मार्गाला एक अक्षर आणि प्रत्येक स्थानकाला क्रमांक आहे, नावे रोमन लिपीतही लिहिलेली असतात, आणि यामानोते हा ३० स्थानकांचा वर्तुळमार्ग सुमारे तासाभरात शहराच्या मध्यभागाला पूर्ण प्रदक्षिणा घालतो. मुंबईच्या लोकलमध्ये जलद व धिमी गाडी, फलाटाची बाजू आणि डब्याची जागा यांचे तारतम्य जो नित्य राखतो, त्या मराठी प्रवाशाला ही व्यवस्था दोन दिवसांत अंगवळणी पडावी.

या सर्वांच्या विरुद्ध टोकाला आणखी एक मत आहे, आणि त्याचाही समाचार घेतला पाहिजे, कारण पासाचा त्याग केलेला उत्साही तरुण बहुधा तिकडे वळतो. १९८२ पासून शाळा-महाविद्यालयांच्या सुट्यांच्या हंगामात ‘सेइशुन १८’ नावाचे तिकीट निघते. वयाची अट त्याला नाही. सहाही कंपन्यांच्या केवळ साध्या व जलद लोकल गाड्यांत ते चालते, आणि २०२४ च्या हिवाळ्यापासून ते सलग तीन दिवसांसाठी १०,००० व पाच दिवसांसाठी १२,०५० येनला मिळते. ज्याच्यापाशी महिनाभर वेळ आहे, त्याला किनाऱ्याकिनाऱ्याने जपान पाहण्याचा याहून सुंदर मार्ग नाही. परंतु या गाड्यांनी टोकियोहून क्योटोला जाण्यात वारंवार गाड्या बदलून अख्खा दिवस जातो. आठवड्याच्या रजेतला एक दिवस देऊन चार-पाच हजार येन वाचवणे हा तोट्याचा सौदा आहे. १९६९ पासून टोकियो आणि ओसाका परिसर यांच्या दरम्यान चालणाऱ्या रात्रीच्या बसविषयी मात्र माझे मत सौम्य आहे. ती भाड्याबरोबर एका रात्रीच्या खोलीचेही पैसे वाचवते, आणि बसमध्ये झोप लागणाऱ्याने तिचा अवश्य विचार करावा. ज्याला झोप लागत नाही त्याचा दुसरा दिवस पेंगण्यात जातो, व वाचलेले पैसे तेथेच फिटतात.

एवढ्या खंडनानंतर मंडनाची जबाबदारी येते. माझे प्रतिपादन असे आहे की अल्प रजेतली काटकसर प्रदेशाला मर्यादा घालण्यापासून सुरू होते, आणि तिकिटाचा विचार त्यानंतर येतो. सात दिवसांसाठी दोनच मुक्काम करावेत, एक टोकियोत आणि एक क्योटो किंवा ओसाकात. बाकीची गावे या दोन मुक्कामांवरून सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याजोगी निवडावीत. पहिली बचत मुंबईत तिकीट काढतानाच करावयाची असते. टोकियोत उतरून ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून परतीचे विमान घेतले, तर टोकियो–क्योटो हा टप्पा एकदाच करावा लागतो. बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे जाणाऱ्या अनेक विमानांत अशी सोय मिळते. १९९४ साली समुद्रात कृत्रिम बेट उभारून बांधलेला तो विमानतळ ओसाका, क्योटो, नारा आणि कोबे या चारही नगरांना सोयीचा आहे.

दुसरी बचत खाजगी रेल्वेंत आहे, आणि जपानच्या वाहतुकीचे खरे वैभवही तेथेच आहे. इचिझो कोबायाशी यांनी १९१० साली ओसाकाबाहेर जी विद्युत् रेल्वे सुरू केली, तिच्यातून पुढे हांक्यू ही कंपनी उभी राहिली. मार्गाच्या दुतर्फा वसाहती वसवणे, एका टोकाला ताकाराझुका येथे स्त्री-कलावंतांची नाट्यसंस्था काढणे, दुसऱ्या टोकाला स्थानकातच मोठी बाजारपेठ उभारणे आणि अशा रीतीने दिवसभर दोन्ही दिशांनी प्रवासी मिळवणे, ही त्यांची दृष्टी होती. अशा खाजगी कंपन्या आणि जेआर यांच्यातल्या स्पर्धेचे फळ प्रवाशाला आजही मिळते. ओसाकाहून क्योटोला हांक्यूची विशेष जलद गाडी वेगळा अधिभार न घेता पाऊण तासाच्या आत ४१० येनमध्ये पोहोचवते. जेआरची विशेष जलद लोकल अर्ध्या तासात, सहाशेहून कमी येनमध्ये. आणि या पाऊण तासाच्या अंतरासाठी बुलेट ट्रेनचे तिप्पट भाडे भरण्याचे कोणतेही कारण उरत नाही. नाराला जाण्यास किन्तेत्सु ही कंपनी उत्तम, कारण तिचे स्थानक हरणांच्या उद्यानाच्या आणि तोदाइजीच्या महाबुद्धाच्या बाजूचे आहे. हिमेजीचा शुभ्र किल्ला ओसाकाहून जलद लोकलने तासाभरावर. टोकियोहून कामाकुराचा ब्राँझचा बुद्ध तितक्याच अंतरावर. आणि निक्कोला असाकुसाहून तोबू या खाजगी कंपनीची गाडी सुटते. देशव्यापी पास यांतल्या हांक्यू आणि किन्तेत्सुवर चालत नाही, भुयारी रेल्वेवरही चालत नाही, हे पासाच्या हिशेबात सहसा सांगितले जात नाही.

शहरांतल्या रोजच्या फिरण्यासाठी पैसे भरून ठेवण्याचे कार्ड घ्यावे. टोकियोचे सुइका २००१ मध्ये आले, आणि मार्च २०१३ पासून निरनिराळ्या भागांतली दहा कार्डे एकमेकांच्या हद्दीत चालू लागली. ध्यानात ठेवावयाचे ते इतकेच की एका भागात शिरून एकदम दुसऱ्या भागात या कार्डावर बाहेर पडता येत नाही, लांबच्या टप्प्याचे तिकीट निराळे काढावे लागते. आणि टोकियोत भुयारी रेल्वेचे दोन स्वतंत्र कारभार असल्याने एकीतून दुसरीत बदलले की भाडे वाढते, तेव्हा मार्ग निवडताना शक्यतो एकाच कंपनीत राहावे. मोठी पेटी ‘ताक्क्युबिन’ने आधी पाठवावी. १९७६ पासून सुरू झालेली ही घरपोच सेवा टोकियोच्या हॉटेलातून उचललेले सामान बहुधा दुसऱ्या दिवशी क्योटोच्या हॉटेलात रुजू करते, आणि प्रवासी रिकाम्या हातांनी गाडीत बसतो.

आता जमाखर्च मांडू. क्योटोपर्यंत एकेरी बुलेट ट्रेन १४,०००, कामाकुरा जाऊन-येऊन सुमारे २,०००, नारा १,५००, हिमेजी ३,०००, आणि शहरांतले फिरणे रोज हजार धरून ७,०००. बेरीज साडेसत्तावीस हजार. त्यात पेटीचे भाडे मिळवले तरी तीस हजारांच्या आसपास. पन्नास हजारांचा पास घेऊन वर भुयारी रेल्वेचे पैसे निराळे मोजणाऱ्याच्या तुलनेत ही बचत एका प्रवाशामागे वीस हजारांहून अधिक आहे, आणि चौघांच्या कुटुंबात ती दोन-तीन रात्रींच्या खोलीइतकी भरते. प्रादेशिक पासांना माझा सरसकट विरोध नाही. क्यूशूसारख्या एकाच बेटावर रोज लांब पल्ला गाठावयाचा असेल, तर भाड्याशी ताडून पाहून प्रादेशिक पास खुशाल घ्यावा. ताडून न पाहता घेऊ नये, एवढाच आग्रह आहे.

या धोरणाच्या बाजूने आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते ते पैशांहून श्रेष्ठ आहे. क्योटोच्या शहरबसला २३० येनचे एकच भाडे आहे, आणि बसपुरता दिवसाचा स्वस्त पास पाहुण्यांत इतका लोकप्रिय झाला की शाळेला आणि बाजाराला निघालेल्या नागरिकांना बसमध्ये पाय ठेवणे कठीण झाले. महापालिकेने सप्टेंबर २०२३ नंतर त्याची विक्री थांबवली आणि भुयारी रेल्वेसह चालणारा ११०० येनचा संयुक्त पास पुढे केला. शहाण्या प्रवाशाने यातून बोध घ्यावा. दुसऱ्याच्या गावात आपली बचत तिथल्या लोकांच्या गैरसोयीवर उभी राहता कामा नये; भुयारी रेल्वेने जवळ जावे, उरलेले अंतर पायी चालावे, गर्दीची वेळ टाळावी. कमी गावे, कमी धावपळ आणि अधिक पायी चालणे यांत प्रवाशाचा खर्च घटतो आणि यजमानांचा भारही हलका होतो.

म्हणून जे नातलग, स्नेही आणि सहल आखणारे व्यावसायिक अल्प रजेच्या प्रवाशाला सल्ला देतात, त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की त्यांनी प्रथम त्याला नकाशावर दोन मुक्काम निवडावयास लावावे, मग प्रत्येक टप्प्याचे आजचे भाडे कागदावर मांडावे, आणि त्या बेरजेहून पास स्वस्त ठरला तरच त्याचे नाव काढावे. हा क्रम पाळला तर साध्या पगारावर जगणाऱ्या माणसाला जपान परवडते, आणि पाहिलेले प्रत्येक गाव त्याला नीट पाहता येते.