मामा गावाला गेले तेव्हा...

मित्रांनो, मागच्या फेब्रुवारीत मेसमध्ये सलग तीन दिवस रात्री नऊनंतर नुसता वरणभात मिळाला होता, आठवतंय? चौथ्या दिवशी सकाळी गॅस संपला आणि नाश्त्याला बिस्किटांचे पुडे वाटले गेले. त्या वेळचा मेस सेक्रेटरी मीच. शिव्या मला पडल्या आणि त्या योग्यच होत्या. हे लिहितोय ते स्वतःची बाजू मांडायला नाही. तेव्हा जे कळलं ते पुढच्या कमिटीच्या कामी यावं, एवढाच हेतू.

झालं होतं इतकंच की आपले मेसचे मामा मुलीच्या लग्नासाठी पंधरा दिवस गावाला गेले होते. तांदूळ किती उरलाय, शनिवारी किती पोरं घरी पळतात, सबमिशनच्या आठवड्यात दूध किती वाढवायचं, गॅसवाल्याला किती दिवस आधी फोन करायचा, हे सगळं मामांच्या डोक्यात. कोठीत पोती होती, खात्यात पैसे होते, आचारी जागेवर होते. फक्त मेस चालत नव्हती!

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात मी पेपरसाठी ‘इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी’ घोकत होतो. माल एका वेळी किती मागवावा म्हणजे एकूण खर्च कमीत कमी येईल, याचं हे सूत्र फोर्ड हॅरिस या इंजिनीअरने १९१३ साली मांडलं. मला ते वर्गमूळासकट पाठ होतं. पण रूमपासून पन्नास पावलांवरच्या कोठीत तांदूळ किती आहे, ते मला माहीत नव्हतं. आपण सगळेच असे. प्लॅनिंग आणि सिस्टिम म्हणजे आठ मार्कांचा प्रश्न, नाहीतर प्लेसमेंटच्या सेमिनारमध्ये ऐकून सोडून द्यायचे शब्द.

धंदा चांगला चालतो म्हटलं की आपल्याला रात्रंदिवस राबणारा मालक दिसतो. माझं स्पष्ट मत आहे, की मालक बाजूला झाल्यावर जो बंद पडतो तो धंदा चांगला चाललेला नसतो. माणूस चांगला असतो, एवढंच. चांगल्या धंद्याला दोन गोष्टी लागतात. काय करायचं आणि काय नाही करायचं हे आधी ठरवणं, हे झालं नियोजन. आणि ठरवलेलं रोज, कुणीही कामावर असलं तरी घडेल अशी सोय, ही झाली सिस्टिम.

यासाठी मोठमोठ्या डिग्र्या लागतात असं कुणाला वाटत असेल तर त्याने लिज्जत पापडाकडे पाहावं. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद! पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. प्रश्न मिटला. दरवर्षी पाऊस येणार हे माहीत असताना नुसतं आभाळाकडे बघत बसायचं नाही, यालाच नियोजन म्हणतात.

पण त्याहून मोठे त्यांचे नकार. देणगी घ्यायची नाही आणि स्वस्तात विकायला हलका पापड काढायचा नाही. काम वाढलं तशी पद्धतही पक्की झाली. पीठ केंद्रावर एकत्र मळायचं, बायकांनी ते घरी नेऊन पापड लाटायचे, वाळवून परत आणायचे, तिथे ते तपासून आणि वजन करून घ्यायचे. म्हणून हजारो घरांत लाटलेल्या पापडाची चव एकच लागते. सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

आता पुन्हा आपल्या मेसकडे. त्या पंधरा दिवसांनंतर कमिटीने एकच गोष्ट ठरवली: प्रॅक्टिकल संपवून नऊ वाजता येणाऱ्या शेवटच्या मुलालाही पूर्ण जेवण मिळालं पाहिजे. त्यासाठी निवडणुकीत दिलेलं आठवड्यातून दोनदा पनीरचं आश्वासन आम्ही मोडलं. (त्याबद्दलही शिव्या खाल्ल्या.) मग तांदळाच्या आणि तुरडाळीच्या पिंपांना आतून लाल पट्टी मारली. पट्टी दिसली की त्याच दिवशी वाण्याला फोन, मग कामावर कोणीही असो. जपानमध्ये टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी रुजवलेल्या ‘कानबान’चं तत्त्वही साधारण हेच: जेवढं संपलं तेवढंच भरायचं, आणि संपत आल्याची खूण सगळ्यांना दिसली पाहिजे. घरी जाणाऱ्यांनी शुक्रवारी रात्रीपर्यंत फळ्यावर रूम नंबर लिहायचा, हा नियमही तेव्हाचाच.

सगळ्यात अवघड होतं ते मामांशी बोलणं. त्यांच्या डोक्यातलं वहीत उतरवायचं म्हटल्यावर ते गप्प झाले. मग म्हणाले, “म्हणजे आता माझी गरज नाही म्हणा की.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवस ते नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच वही मागितली, वाचून घेतली आणि म्हणाले, “हे चुकलंय. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, जुन्याला जास्त. लिहा.” त्या रात्री आमची अकरा पानं भरली.

सिस्टिम आली की माणसाचं यंत्र होतं, असं आपल्याकडे बरेच जण म्हणतात. मला उलटं दिसलं. लेकीच्या लग्नातही मामा दिवसातून चार वेळा मेसला फोन करत होते. या दिवाळीनंतर ते आठ दिवस गावाला गेले, तेव्हा त्यांचा एकदाच फोन आला, तोसुद्धा पोरं जेवली का विचारायला.

वही अजून अर्धवट आहे. भाजीचे भाव कुठे, कसे पाडायचे हे त्यात नाही. ते अजून मामांच्याच डोक्यात आहे. आणि दर जूनमध्ये आपली एक बॅच पास होऊन जाते, तशी कमिटीही जाते. म्हणून येत्या निवडणुकीत उमेदवार मत मागायला रूमवर आला की त्याला “मेसमध्ये काय काय देणार?” असं विचारू नका. “तू नसशील तेव्हा मेस कशी चालेल?” असं विचारा. ज्यांना पुढे स्वतःचा धंदा काढायचाय, त्यांनी हाच प्रश्न स्वतःलाही विचारून बघावा.