विश्लेषण : जुन्या अमेरिकन गाडीचं ‘माइल्ड कस्टम’ करायचंय? आधी ब्रेक बघा, कटर नंतर

जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, किसिमी इथल्या लिलावात १९५१ची एक मर्क्युरी २० लाख डॉलरहून जास्त किमतीला गेली. गंमत अशी, की कारखान्यातून निघाली तेव्हा ती अशी दिसतच नव्हती. बॉब हिरोहाता या मालकासाठी कॅलिफोर्नियातल्या बॅरिस बंधूंच्या वर्कशॉपनं १९५२ मध्ये तिचं छत कापून बुटकं केलं, दारांमधला खांब काढला आणि तिला हिरव्याच्या दोन छटांत रंगवलं. जुन्या गाडीला हात लावला की किंमत गेली, या समजुतीला ती मोठा अपवाद ठरली. २०१७ मध्ये तर अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिचा समावेश झाला होता.

अशा गाड्यांचे व्हिडिओ आता मोबाइलवर रोज दिसतात. गंजलेला सांगाडा गॅरेजमध्ये जातो आणि मिनिटभरात चकाकती, जमिनीला टेकलेली गाडी बाहेर येते. त्या मिनिटभरात जे दाखवलं जात नाही, तिथेच बहुतेक पैसा खर्च होतो आणि धोकाही तिथेच असतो. म्हणून या लेखाचं म्हणणं आधीच सांगतो. माइल्ड कस्टमची सुरुवात दिसणाऱ्या बदलांपासून करू नये. आणि आपल्याकडे तरी ‘माइल्ड’चा अर्थ ‘उद्या पूर्ववत करता येईल असं’ एवढाच घ्यावा.

माइल्ड कस्टम म्हणजे काय?

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या तरुणांना जुन्या गाड्या स्वस्तात मिळत होत्या आणि वेल्डिंग येणारे हातही कमी नव्हते. त्यातून दोन पंथ निघाले. वेगासाठी गाडी हलकी करणारे हॉट रॉडवाले आणि रूपासाठी गाडी बदलणारे कस्टमवाले. कस्टममध्ये पुन्हा दोन प्रकार. फुल कस्टममध्ये छत कापतात, बॉडीतून आडवी पट्टी काढून ती पातळ करतात किंवा अख्खी बॉडी चॅसिसवर खाली उतरवतात. हिरोहाताची मर्क्युरी या प्रकारातली.

माइल्डमध्ये गाडीची मूळ ठेवण तशीच राहते. बॉनेट आणि डिकीवरची चिन्हं काढून भोकं बुजवायची, गाडी दोन-तीन इंच खाली बसवायची, मागच्या चाकांवर झाकणं म्हणजे स्कर्ट लावायचे. रुंद पांढऱ्या पट्ट्याचे टायर, वेगळ्या व्हील कॅप, दोन सायलेन्सर, एखादा गडद रंग. आणखी धाडस असेल तर हेडलाइटची चकाकती रिंग काढून दिवा मडगार्डात रुतवायचा. याला तिकडे ‘फ्रेंचिंग’ म्हणतात.

उदाहरणासाठी शेवरलेची १९४९ ते १९५२ मधली गाडी घेऊ. स्टाइललाइन आणि फ्लीटलाइन अशी तिची दोन रूपं, दुसरीची पाठ छतापासून बंपरपर्यंत एका रेषेत उतरते. माइल्ड कस्टमवाल्यांची ती आवडती, कारण ती महागडी कधीच नव्हती. १९५० या एका मॉडेल वर्षातच शेवरलेनं १५ लाखांच्या घरात मोटारी बनवल्या. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिला खर्च कुठे?

ब्रेकवर. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. म्हणजे एका चाकाजवळचा रबरी होज फुटला, की पेडल थेट तळाला आणि चारही ब्रेक गेले. उरतो तो हँडब्रेक. आजच्या गाड्यांत दोन वेगळी सर्किट असतात, एक गेलं तरी दुसरं गाडी थांबवतं. अमेरिकेत ही सोय सर्रास झाली ती साठच्या दशकाच्या उत्तरार्धात. त्यात या गाडीला सीट बेल्ट नाहीत आणि स्टिअरिंगचा एकसंध लोखंडी दांडा चालकाच्या छातीवर रोखलेला असतो.

वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि सिलिंडर आतून गंजतात. बाहेरून काही कळत नाही. त्यामुळे पेडल ‘बरं लागतंय’ म्हणून पुढे जाण्यात अर्थ नाही. होज, स्टीलच्या नळ्या, व्हील सिलिंडर सगळं नवं घ्यावं आणि जमल्यास दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवावा. मूळचा सिलिंडर फरशीखाली असतो, नवाही तिथेच बसवता येतो, कुणाला दिसत नाही. गाडीतला पहिला ‘कस्टम’ बदल हाच असावा, असं माझं मत आहे. त्याचा फोटो कुणी लाइक करणार नाही, हे मान्य.

ब्रेकच्या जोडीला स्टिअरिंगचे सांधे, पेट्रोलची टाकी आणि टायर. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी वीस वर्षांचं रबर हे वीस वर्षांचंच असतं.

६ व्होल्टचं काय करायचं?

या शेवरलेची वीज ६ व्होल्टची. शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, हे बारावीला सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. व्होल्ट निम्मे असतील तर तेवढ्याच शक्तीसाठी करंट दुप्पट लागतो. तारेत उष्णता बनून वाया जाणारी शक्ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे तीच तार ठेवली तर नासाडी चौपट. म्हणून ६ व्होल्टला जाडजूड केबल हवी. प्रत्यक्षात होतं असं, की कुणीतरी मधल्या काळात बाजारात मिळणारी १२ व्होल्टची बारीक केबल जोडलेली असते. स्टार्टर रडत रडत फिरतो आणि दोष ६ व्होल्टच्या माथी जातो. केबल जाड घेतली, अर्थिंगच्या जागा घासून स्वच्छ केल्या, तर ही यंत्रणा नीट चालते. एसी किंवा मोठी म्युझिक सिस्टिम हवी असेल तरच १२ व्होल्टकडे वळावं.

तारा मात्र बदलाव्याच लागतात. त्या काळचं कापडी वेष्टण आता वाळून भुगा होतं आणि उघडी तार पत्र्याला लागली की आग. मूळ नमुन्याचे तयार हार्नेस अमेरिकेत विकत मिळतात.

गंज किती खोल आहे?

यासाठी साधा लोहचुंबक पुरे. मऊ कापडात गुंडाळून तो पत्र्यावर फिरवावा. जिथे पकड सुटते तिथे रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे. दारांखालचा उंबरा, पायाखालचा पत्रा, डिकीचा तळ या ठरलेल्या जागा. उंबरा कापण्याआधी दाराच्या चौकटीत तात्पुरते लोखंडी बार वेल्ड करून घ्यावे लागतात. नाहीतर बॉडी किंचित झुकते, नवा उंबरा झकास बसतो आणि मग दारच लागत नाही. पत्र्याचं काम करणारा हुशार कारागीर हे न सांगता करतो. हे माहीत नसलेल्याकडे गाडी देऊ नये.

एक इशारा शिशाबद्दल. जुन्या कस्टम गाड्यांना अमेरिकेत ‘लेड स्लेड’ म्हणतात, कारण सांधे पुट्टीऐवजी वितळवलेल्या शिशानं भरलेले असत. जुन्या रंगांतही शिसं असायचं. अशा पत्र्यावर ग्राइंडर फिरवला की ती धूळ श्वासातून आत जाते. चांगला मास्क हवाच, आणि हे काम पोरंबाळं वावरतात तिथे नको.

इंजिन बदलायचं का?

मूळ इंजिन २१६ क्युबिक इंचाचं, म्हणजे सुमारे ३.५ लिटरचं, सहा सिलिंडर एका रांगेत, ताकद साधारण ९० अश्वशक्ती. त्यात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना तेल दाबानं मिळत नाही. रॉडच्या तळाला पळीसारखा भाग असतो, तो फिरताना तेल झेलतो. बेअरिंग बॅबिट या मऊ मिश्रधातूची, ओतून घडवलेली. शहरात, रमतगमत चालवायला हे इंजिन उत्तम. एक्स्प्रेस-वेवर तासभर पिटाळलं तर मात्र ते कुरकुरणारच.

यावर जुना, समंजस उपाय म्हणजे त्याच घराण्यातलं २३५ क्युबिक इंचाचं इंजिन. १९५४ पासून या इंजिनाच्या सगळ्या मोटारींत बेअरिंगना दाबानं तेल मिळू लागलं. किरकोळ फेरफार करून ते जुन्या जागी बसतं आणि बॉनेट उघडल्यावर अनोळखीही वाटत नाही. आधुनिक व्ही-८ बसवण्याची हौस असेल तर एक गोष्ट समजून घ्या. या शेवरलेचा प्रोपेलर शाफ्ट ‘टॉर्क ट्यूब’ नावाच्या बंद नळीतून जातो आणि ती नळी मागच्या अ‍ॅक्सलचाच भाग असते. इंजिन बदललं की गिअरबॉक्स बदलतो, गिअरबॉक्स बदलला की मागचा अ‍ॅक्सल, मग ब्रेक, मग चाकं. अर्धवट सुटलेल्या, ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या गाड्यांचा प्रवास बरेचदा इथूनच सुरू झालेला असतो.

आणि रूप?

ते शेवटी, पण तिथेही क्रम आहे. स्कर्ट, व्हील कॅप, टायर, सायलेन्सर हे सगळं बोल्ट उघडून परत काढता येतं. गाडी खाली बसवताना मागे अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या मध्ये ठोकळे घालतात, पुढे कमी उंचीच्या कॉइल स्प्रिंग. हेही उलटवता येतं. काही गॅरेजांत स्प्रिंग गॅसच्या ज्योतीनं तापवून खाली बसवतात. तो प्रकार हाणून पाडा, तापवल्यानं पोलादाचा ताण झेलण्याचा गुण जातो आणि स्प्रिंग कधीही दगा देते. बॉनेटवरची भोकं बुजवणं सीमारेषेवरचं काम. हेडलाइट रुतवणं मात्र सीमेपलीकडचं.

यावर अमेरिकेतला कस्टमवाला हसेल आणि त्याचं चूक नाही. रुतवलेल्या दिव्यांशिवाय कसलं कस्टम? तिथे १५ लाखांतली एक फ्लीटलाइन कापली तर इतिहासाचं काही बिघडत नाही, उलट कस्टम हाच तिथला सत्तर-ऐंशी वर्षांचा इतिहास आहे. मूळ स्क्रूसुद्धा बदलू नये म्हणणाऱ्या शुद्धतावाद्यांशी माझं तिथे जमत नाही. आपल्याकडचं गणित वेगळं आहे.

भारतात नियम काय?

जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणी कारखाना सुरू केला आणि तो १९५४ पर्यंत चालला. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये डॉज, प्लायमाऊथ, डिसोटो जुळत होत्या. त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या एखाद्या शेडमध्ये जुनी शेवरले सापडली, तर तिची जुळणी शिवडीची असण्याची शक्यता असते. अशा गाड्या आता मोजक्याच उरल्यात. त्यांचं स्टिअरिंग उजवीकडे, तर अमेरिकेत बनणारे नवे सुटे भाग मुख्यतः डाव्या स्टिअरिंगच्या मापाचे. इथे कापलेला डॅशबोर्ड दुसरा मिळेल, या भरवशावर राहता येत नाही.

दुसरा मुद्दा कागदांचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आली. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात जपलेली हवी आणि चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरबदल झालेले नकोत. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. रॅली, प्रदर्शन, संशोधन, देखभाल आणि इंधन भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते.

व्हिंटेज नोंदणी नको, साधीच राहू द्या, असं म्हटलं तरी सुटका नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, रंग बदलला तरी आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. म्हणजे वर ज्या २३५ इंजिनाचं कौतुक केलं, तेच इथे बसवलं तर व्हिंटेज दर्जा अडचणीत येऊ शकतो. अशा वेळी २१६ चीच बेअरिंग नव्यानं ओतून घेणं आणि गाडी सावकाश चालवणं शहाणपणाचं.

त्यामुळे गाडी दारात आली की पहिल्या आठवड्यात पाना हातात न घेता आरसी, चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर एकमेकांशी जुळतात का ते तपासावं. जुळत नसतील तर रंगकाम सोडाच, तो घोळ आधी निस्तरावा लागेल. मग गाडीचे आतून-बाहेरून, खालूनही फोटो काढून ठेवावेत. रंगाआधी पत्रा घासणाऱ्याला चॅसिस नंबर आणि बॉडीवरच्या पाट्या दाखवून त्यांवर टेप लावून घ्यावा. बॉनेटचं चिन्ह, मूळ व्हील कॅप, काढलेला मास्टर सिलिंडर, प्रत्येकाच्या बोल्टसकट, नाव लिहून एका खोक्यात. गाडी विकायची वेळ आली तर जाणकार गिऱ्हाईक आधी त्या खोक्याची चौकशी करतं.